डायलिसिसवरील रुग्णांची जीवनसत्त्वे: कोणती द्यावी लागतात, कोणती टाळावी लागतात

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या आणि फॉस्फेट कमी करणाऱ्या गोळ्यांसोबत जीवनसत्त्वांची एक छोटी गोळीही असते. खर्चाची ओढाताण सुरू झाली की सर्वांत आधी तीच बंद होते, कारण ती ‘ताकदीची गोळी’ आहे, खरे औषध नव्हे, असा घरोघरी समज असतो. त्याच वेळी भेटायला येणारे नातेवाईक मात्र कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल, ‘क’ जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या आणि प्रोटीन पावडरचे डबे आवर्जून घेऊन येतात, कारण अशक्त माणसाला जीवनसत्त्वे जितकी जास्त तितके बरे, असे त्यांना मनापासून वाटते. ज्यांची मूत्रपिंडे धडधाकट आहेत त्यांच्या बाबतीत ही बेफिकिरी बऱ्याचदा खपून जाते, कारण कमी पडलेले आहारातून भरून निघते आणि जादा झालेल्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. डायलिसिसवरील रुग्णाला यातला एकही आधार नसतो. त्याच्या शरीरातून काही जीवनसत्त्वे डायलिसिसच्या प्रत्येक बैठकीत निसटतात, काही बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यामुळे साचतात, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाचे रूप देण्याचे काम तर प्रामुख्याने मूत्रपिंडेच करत होती. त्यामुळे ‘मल्टिव्हिटॅमिन चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर त्या गोळीत नेमके काय आणि किती आहे, हे पाहिल्याशिवाय देता येत नाही.

आधी निसटणाऱ्या जीवनसत्त्वांविषयी. हिमोडायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त हजारो बारीक पोकळ धाग्यांमधून वाहते आणि त्या धाग्यांच्या बाहेरून डायलिसेट नावाचे द्रावण उलट्या दिशेने वाहत असते. या द्रावणाचा वेग साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर असतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रावण रक्ताच्या शेजारून वाहून जाते. रक्तातील जे लहान रेणू या द्रावणात नसतात ते पडद्यातून त्यात उतरतात, आणि नेमक्या याच नियमाने युरिया हा टाकाऊ पदार्थ बाहेर पडतो. युरियाच्या रेणूचे वजन ६० डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) आहे आणि क्रिॲटिनिन या दुसऱ्या टाकाऊ पदार्थाचे ११३. ‘क’ जीवनसत्त्वाचे वजन १७६ आणि फॉलिक आम्लाचे ४४१ असून बी-१ आणि बी-६ यांचे रेणूही याच टप्प्यात येतात. पडदा म्हणजे शेवटी एक चाळणी आहे. ती रेणूचा आकार पाहते, उपयोग पाहत नाही. पाण्यात विरघळणारी ही जीवनसत्त्वे त्यामुळे युरियाच्या जोडीने नळीवाटे निघून जातात. एका बैठकीत रक्तातील ‘क’ जीवनसत्त्वाची पातळी एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. बी-१२ चा रेणू मात्र सुमारे १,३५५ डाल्टनचा, म्हणजे बराच मोठा असून तो रक्तात प्रथिनांना चिकटून फिरतो, त्यामुळे त्याची गळती कमी होते. पोटाच्या डायलिसिसमध्येही पोटातून काढलेल्या द्रावणाबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जातच असतात. तेथे ती दिवसाआड न जाता रोज थोडी थोडी जातात, एवढाच फरक.

गळतीइतकेच मोठे कारण स्वयंपाकघरात आहे, आणि त्याकडे कमी लक्ष जाते. पोटॅशियम वाढू नये म्हणून मोसंबी, संत्रे, केळे आणि नारळपाणी बंद होते. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देण्यास सांगितले जाते. हा सल्ला योग्यच आहे, कारण वाढलेले पोटॅशियम हृदयाची गती बिघडवून काही तासांत जीव घेऊ शकते. पण ओतून दिलेल्या त्या पाण्यात पोटॅशियमबरोबर ‘क’ जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्लही असते. फॉस्फरसमुळे दूध आणि डाळी मोजून मिळतात, आणि दूध हा तर आपल्याकडील शाकाहारी जेवणात बी-२ आणि बी-१२ चा मुख्य आधार असतो. त्यात भूक मंदावलेली असते, तोंडाला चव नसते, आणि बैठकीच्या दिवशीचे एक जेवण अनेकदा बुडतेच. अशा परिस्थितीत ‘सगळे आहारातून मिळते’ हे एरवी खरे असलेले वाक्य येथे खरे राहत नाही.

‘क’ जीवनसत्त्वाचा, म्हणजे पाकिटावर व्हिटॅमिन सी म्हणून छापलेल्या घटकाचा, विचार थोडा सविस्तर करावा लागतो, कारण येथे कमी आणि जास्त या दोन्हींतला धोका खरा आहे. कमी पडले तर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, कातडीवर कारण नसताना काळेनिळे डाग पडतात आणि जखमा लवकर भरत नाहीत. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते, त्यामुळे अशा डागांचा दोष सहसा हेपॅरिनवर जातो आणि जीवनसत्त्वाची उणीव लक्षातच येत नाही. जास्त झाले तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. शरीरात ‘क’ जीवनसत्त्वाचा एक भाग मोडून त्याचे ऑक्झलेट बनते, आणि ऑक्झलेट बाहेर टाकण्याचा प्रमुख मार्ग मूत्रपिंड हाच आहे. डायलिसिस ते काढते, पण पुरेसे काढत नाही. उरलेले ऑक्झलेट कॅल्शियमशी जोडले जाऊन त्याचे स्फटिक हाडांत, सांध्यांत, रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या स्नायूतही बसू शकतात.

म्हणूनच मात्रा लहान ठेवली जाते. अमेरिकेतील मूत्रपिंड आहाराच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, उणिवेचा धोका असलेल्या रुग्णांना ‘क’ जीवनसत्त्व रोज स्त्रियांसाठी किमान ७५ आणि पुरुषांसाठी किमान ९० मिलिग्रॅम मिळेल इतपत पूरक मात्रा देणे योग्य मानले जाते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बनवलेल्या खास गोळ्यांमध्ये ते सहसा ६० ते १०० मिलिग्रॅम असते. आपल्या औषधदुकानांत सहज मिळणारी चघळायची गोळी मात्र ५०० मिलिग्रॅमची असते. करोनाच्या साथीत ही गोळी घराघरांत पोहोचली आणि अनेक घरांत ती सवय टिकून आहे. डायलिसिसवरील माणसाने ती सवय चालू ठेवू नये. पाण्यात टाकली की फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेबरोबर सोडियमही असते, म्हणजे तहान वाढते आणि दोन बैठकींमधले वजनही वाढते. रक्तातील लोहाचा साठा भरपूर असूनही हिमोग्लोबिन वाढत नाही, अशा काही रुग्णांना डॉक्टर ठरावीक काळापुरते जास्त ‘क’ जीवनसत्त्व देतात. तो देखरेखीखालचा उपचार आहे, त्याचे घरी अनुकरण करायचे नसते.

ऑक्झलेटचा विषय निघालाच आहे तर कमरख या फळाविषयी सांगणे भाग आहे. आडवे कापले की चांदणीच्या आकाराच्या चकत्या पडतात, ते हे आंबट फळ. त्यात ऑक्झलेट तर असतेच, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचे मज्जातंतूंवर परिणाम करणारे एक विषारी द्रव्य असते, जे निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात. डायलिसिसवरील रुग्णाने हे फळ थोडेसे खाल्ले तरी न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके सुरू होऊ शकतात, आणि त्यातून मृत्यू झाल्याच्या नोंदीही आहेत. फळ नैसर्गिक आहे, त्यात ‘क’ जीवनसत्त्व आहे, म्हणून ते सुरक्षित आहे असा निष्कर्ष येथे काढता येत नाही.

ब गटातील जीवनसत्त्वांपैकी बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात फार काळ साठून राहत नाही. खाणे घटले आणि डायलिसिस चालू राहिले तर काही आठवड्यांत ते संपू शकते. तैवानमधील डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कारण न समजणाऱ्या मानसिक गोंधळासह आलेल्या डायलिसिसच्या रुग्णांपैकी काहींमध्ये थायमिनची उणीव हेच कारण निघाले. असंबद्ध बोलणे, तोल जाणे, नजर स्थिर न राहणे अशी लक्षणे दिसली की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘विषारी द्रव्ये वाढली असतील’ असे समजून डायलिसिस वाढवण्याचा विचार करतात, आणि डायलिसिस वाढवले तर उरलेले थायमिनही निघून जाते. वेळेत इंजेक्शन दिले तर हा रुग्ण बरा होण्याची चांगली शक्यता असते, म्हणून ही शंका मनात येणे महत्त्वाचे आहे.

बी-६ साठी रोज सुमारे १० मिलिग्रॅमची मात्रा प्रचलित आहे. आपल्याकडे या जीवनसत्त्वाला आणखी एक संदर्भ आहे. डायलिसिसच्या रुग्णांना क्षयरोग होण्याचे प्रमाण जास्त असते, आणि क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध बी-६ ची उणीव निर्माण करते. अशा रुग्णाला पिरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ चीच, गोळी जोडून दिली जाते, आणि ती चुकवली तर पायांना मुंग्या, जळजळ आणि बधिरपणा येऊ शकतो. पण तळपायांची आग होते म्हणून नसांच्या ताकदीच्या गोळ्या मनानेच वाढवत नेणे हाही उपाय नव्हे, कारण बी-६ च्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्या तर त्यांच्यामुळेच नसांना इजा होते. मधुमेही रुग्णाच्या पायांची आग बहुतेकदा मधुमेहामुळे असते आणि तिला जीवनसत्त्वाचे उत्तर नसते.

फॉलिक आम्लाची कथा मुंबईशी जोडलेली आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. तांबड्या पेशी बनण्यासाठी ते लागते, आणि या पेशींची निर्मिती वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनने अस्थिमज्जेला कामाला लावले की त्याची गरज आणखी जाणवते. महागडे इंजेक्शन देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर लोहाबरोबर फॉलिक आम्ल आणि बी-१२ यांची उणीव तपासली जाते, ती यासाठी.

याच फॉलिक आम्लाने वैद्यकशास्त्राला एक धडाही दिला. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचे अमिनो आम्ल वाढलेले असते, वाढलेल्या होमोसिस्टीनचा हृदयविकाराशी संबंध दिसतो, आणि फॉलिक आम्ल, बी-६ व बी-१२ यांनी ते उतरते. तेव्हा ही जीवनसत्त्वे भरपूर दिली तर हृदय वाचेल, असा तर्क होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,०५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज ४० मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, १०० मिलिग्रॅम बी-६ आणि २ मिलिग्रॅम बी-१२ दिले गेले. २००७ मध्ये निकाल आला, तेव्हा होमोसिस्टीन उतरले होते, पण मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नव्हते. २०१० मध्ये कॅनडातील चाचणीचा निकाल अधिक बोचरा होता: मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडू लागलेल्या रुग्णांमध्ये ब गटाच्या मोठ्या मात्रांनी मूत्रपिंडाचे काम जास्त वेगाने घसरले आणि हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांसारख्या घटना वाढल्या. ते रुग्ण डायलिसिसवर नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे; तरीही गेलेले भरून काढणे आणि भरपूर ओतणे यांतला फरक या दोन चाचण्यांइतका स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल. मार्गदर्शक तत्त्वेही केवळ होमोसिस्टीन उतरवण्यासाठी फॉलिक आम्ल देऊ नये, असेच सांगतात.

बी-१२ डायलिसिसमध्ये फारसे जात नाही, पण आपल्याकडे ते मुळातच कमी असते. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण आणि शहरी मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. शाकाहार, पूर्वी मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेली मेटफॉर्मिनची गोळी आणि आम्लपित्तासाठी रोज घेतलेले पॅन्टोप्रॅझोल यांची त्यात भर पडते. येथे एक बारकावा असा की मूत्रपिंडे निकामी असताना रक्तातील बी-१२ चा आकडा चांगला दिसूनही पेशींना ते पुरत नसल्याची शक्यता असते, त्यामुळे केवळ अहवालातील ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबता येत नाही. तसेच बी-१२ च्या सायनोकोबालामिन या प्रकारातून सुटणारे अत्यल्प सायनाइड शरीराबाहेर टाकण्याची क्षमता या रुग्णांत कमी झालेली असते, म्हणून मोठी मात्रा द्यायची झाल्यास अनेक डॉक्टर मिथाइलकोबालामिन पसंत करतात.

आता साचणाऱ्या जीवनसत्त्वाकडे वळू. ‘अ’ जीवनसत्त्व रक्तात एका विशिष्ट प्रथिनाबरोबर फिरते आणि त्या प्रथिनाची विल्हेवाट मूत्रपिंडात लागते. मूत्रपिंडे थांबली की ते प्रथिन रक्तात वाढते, त्याच्याबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वही वाढते, आणि डायलिसिसच्या पडद्यातून ही जोडी बाहेर पडत नाही. म्हणजे डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तात ते गोळी न घेताही वाढलेले असते. त्यात भर पडली तर कॅल्शियम वाढणे, हाडे दुखणे, यकृताला इजा आणि डोकेदुखी असे परिणाम संभवतात. बाजारातील सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिन, कॉड लिव्हर ऑइल आणि अनेक पोषक पावडरी यांत ‘अ’ जीवनसत्त्व असतेच, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वेगळी गोळी बनवली जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ‘ई’ जीवनसत्त्वाकडून एके काळी हृदयरक्षणाची मोठी अपेक्षा होती, पण ती टिकली नाही. ‘अ’ आणि ‘ई’ दोन्ही सरसकट देऊ नयेत, असाच आजचा सल्ला आहे. ‘के’ जीवनसत्त्वाची उणीव डायलिसिसच्या रुग्णांत आढळते आणि रक्तवाहिन्या कठीण होण्याशी तिचा संबंध असावा असे मानले जाते. मात्र गोळ्या देऊन ती प्रक्रिया थांबते, असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने तर ‘के’ जीवनसत्त्व असलेली कोणतीही गोळी न विचारता सुरू करू नये, कारण त्याने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो.

‘ड’ जीवनसत्त्वाचा कारभार सर्वांत गुंतागुंतीचा आहे. उन्हामुळे कातडीत बनलेले किंवा पुडीतून घेतलेले ‘ड’ जीवनसत्त्व आहे त्या रूपात काम करत नाही. यकृतात त्यावर एक प्रक्रिया होते आणि त्यानंतर मूत्रपिंडात दुसरी. या दुसऱ्या प्रक्रियेनंतर बनणारे कॅल्सिट्रिऑल हे त्याचे खरे कार्यक्षम रूप होय. मूत्रपिंडे निकामी झाली की कॅल्सिट्रिऑल घटते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, आणि मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक वाढवून हाडांतले कॅल्शियम उपसू लागतात. शरीरात साचलेले फॉस्फेट या ग्रंथींना आणखी चेतवते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून जो आकडा येतो तो बहुधा यकृतातून बाहेर पडलेल्या साठ्याच्या रूपाचा असतो. त्यावरून कॅल्सिट्रिऑलचा अंदाज येत नाही. त्यामुळे साठा पुरेसा असूनही डॉक्टर कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल देतात, आणि साठाच कमी असेल तर नेहमीचे ‘ड’ जीवनसत्त्वही देतात. रुग्णाला वाटते की एकच औषध दोनदा लिहिले गेले; प्रत्यक्षात ती दोन निरनिराळ्या टप्प्यांवरची औषधे असतात.

धोका आहे तो अति होण्याचा. कॅल्सिट्रिऑल कॅल्शियमबरोबर फॉस्फेटचे शोषणही वाढवते, आणि दोन्ही वाढलेली राहिली तर त्यांचा थर रक्तवाहिन्यांच्या व हृदयाच्या झडपांच्या भिंतींत बसू लागतो. म्हणून कॅल्शियम, फॉस्फेट आणि पीटीएच ठरावीक अंतराने तपासून मात्रा कमी-जास्त केली जाते, आणि कधी ती पूर्ण थांबवावी लागते. आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटांची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली जाण्याचे प्रकार घडतात आणि त्यांतून कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते. शिवाय फॉस्फेटसाठी दिलेल्या सेव्हेलॅमरसारख्या गोळ्या मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचे शोषण कमी करू शकतात, तेव्हा कोणती गोळी जेवणासोबत आणि कोणती वेगळ्या वेळी घ्यायची, हे एकदा लिहूनच घ्यावे.

पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची ही रोजची गोळी घेतल्याने आयुष्य वाढते का, हा प्रश्न रुग्ण विचारतात. २००४ मध्ये अनेक देशांतील १६,००० हून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच पाहणीत अमेरिकेत ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांना ही गोळी मिळत होती, तर ब्रिटनमध्ये ४ टक्क्यांनाही मिळत नव्हती. एवढ्या प्रगत देशांतही डॉक्टरांचे एकमत नव्हते, हे त्यातून कळते. पण ही केवळ पाहणी होती. जो रुग्ण जीवनसत्त्वाची गोळी नेमाने घेतो तो बाकीची पथ्येही नेमाने पाळत असू शकतो, आणि फरक त्याचाही असू शकतो. माझ्या मते गळती भरून काढणारी लहान मात्रा घेण्यामागचे कारण पुरेसे भक्कम आहे, ज्यांचे खाणे घटले आहे त्यांच्या बाबतीत तर नक्कीच. मात्र तिच्याकडून दीर्घायुष्याची हमी मागू नये.

डायलिसिसच्या दिवशी ही गोळी बैठकीनंतर किंवा रात्री झोपण्यापूर्वी घ्यावी, कारण सकाळी घेतली तर तिचा मोठा भाग त्याच दिवशी यंत्रातून निघून जातो. नवी कोणतीही गोळी, पावडर किंवा काढा सुरू करण्यापूर्वी त्याचे पाकीट मूत्रपिंडतज्ज्ञांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाबरोबरच पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि धातूंची भस्मे आहेत का, हेही विचारावे. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यांचा उपद्रव शरीरात दिसत नाही, तो अहवालात दिसतो. या गोळ्यांत बायोटिन अनेकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे मूत्रपिंडाच्या खास गोळीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, आणि काही प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीत ते अडथळा आणून पीटीएचचा आकडा खोटाच कमी दाखवते. डॉक्टर त्या आकड्यावरून कॅल्सिट्रिऑल कमी करतात आणि वाढलेले पीटीएच उपचाराविना राहते. छातीत दुखते म्हणून केलेली ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी, तपासणीही याच कारणाने चुकू शकते. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगावे. निकामी मूत्रपिंडांमुळे बायोटिन शरीरात जास्त काळ रेंगाळते, त्यामुळे एरवी पुरणारा एक-दोन दिवसांचा खंड या रुग्णांत पुरेसा ठरेलच असे नाही.